पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील समाजसुधारक, शिक्षणप्रसारक, कायदेपंडित आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री होते. भाऊसाहेब या नावाने ते ओळखले जात. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्व जातींसाठी खुल्या केल्या. श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे ते संस्थापक होत. अकोला येथील कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

बालपण व शिक्षण

पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव शामराव व आईचे नाव राधाबाई होते. घराण्याचे मूळ आडनाव कदम. वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. प्राथमिक शिक्षण पापळ येथे घेतल्यावर पुढील शिक्षणासाठी त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशी गावे बदलावी लागली. खेड्यातील मुलाला चार इयत्तांपुढे शिकायचे तर घर सोडावे लागते, हा अनुभव त्यांच्या नंतरच्या शैक्षणिक कार्याच्या मुळाशी असल्याचे दिसते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकल्यानंतर १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिनबरो विद्यापीठाची एम.ए. व ऑक्सफर्ड विद्यापीठाची डी.फिल. या पदव्या त्यांनी मिळवल्या, तसेच ते बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९२६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी अमरावती येथे वकिली सुरू केली.

सामाजिक कार्याचा प्रारंभ

अमरावतीत पंजाबरावांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. वेगवेगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे व एका पंगतीत जेवावे, हा या छात्रालयाचा हेतू होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई देशमुख पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावती येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. पंजाबरावांनी या चळवळीला पाठिंबा दिला. मंदिराचा कारभार पंचांच्या हाती असल्याने प्रवेशाचा निर्णय त्यांच्या संमतीवर अवलंबून होता. लोकमत तयार झाले तरी सत्ता दुसऱ्याच्या हाती असेल तर बदल अडून राहतो, ही गोष्ट या लढ्यात स्पष्ट झाली.

अमरावती जिल्हा कौन्सिल

वऱ्हाड प्रांत १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यानंतर १९०५ मध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर (अचलपूर) जिल्हा अमरावतीत आणि वाशीम जिल्ह्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला. वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या फेररचनेमुळे अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठच्या काळ्या कपाशीच्या जमिनीपासून मेळघाटच्या डोंगराळ भागापर्यंतचा प्रदेश एकत्र आला. या विस्तृत प्रदेशातील ग्रामीण शाळा, रस्ते, दवाखाने आणि विहिरी यांची जबाबदारी पुढे जिल्हा कौन्सिलकडे आली. शहरांचा कारभार स्वतंत्र नगरपालिकांकडे होता.

१९२८ मध्ये पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. मंदिराच्या बाबतीत जो अधिकार नव्हता, तो येथे होता. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी कोणा एका जातीच्या असू शकत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती व त्यानुसार कौन्सिलने सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. वऱ्हाडातील उन्हाळ्यात नदीनाले कोरडे पडत असल्याने विहीर हाच गावाचा आधार असे. ज्यांना विहिरीवर जाण्यास मज्जाव होता त्यांना दुसऱ्याने पाणी वाढेपर्यंत ताटकळत बसावे लागे. त्यामुळे हा निर्णय रोजच्या जगण्याशी निगडित होता आणि त्याला सनातनी मंडळींचा विरोधही झाला.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यावर त्यांनी भर दिला आणि शिक्षणाच्या खर्चासाठी करात वाढ केली. करवाढ अप्रिय असते हे माहीत असूनही, शाळा हव्या असतील तर त्यांचा भार जिल्ह्याने उचलला पाहिजे, असे त्यांचे धोरण होते.

प्रांतिक मंत्रिपद

१९३० मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाड विधिमंडळावर निवडून आले आणि शिक्षण, कृषी व सहकार खात्यांचे मंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले. देवस्थानांच्या उत्पन्नावर सार्वजनिक देखरेख असावी व ते लोकोपयोगी कामांसाठी वापरले जावे, असा त्याचा आशय होता. या विधेयकावर मोठा वाद झाला. शेतकऱ्यांच्या सावकारी कर्जाची तडजोडीने फेड व्हावी यासाठी १९३३ मध्ये झालेल्या कर्ज लवाद कायद्यामागेही त्यांचा पुढाकार होता.

शैक्षणिक कार्य

१९३१–३२ च्या सुमारास त्यांनी अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजन समाजातील मुलांना माध्यमिक व उच्च शिक्षण आपल्या भागातच मिळावे, हा तिचा उद्देश होता. अमरावती व अकोल्यासह विदर्भात संस्थेच्या शाळा, वसतिगृहे आणि कला, विज्ञान, कृषी, विधी व अभियांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली.

संविधान सभा व केंद्रीय राजकारण

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मराठी भाषिक प्रदेशांच्या एकीकरणाचा प्रश्न पुढे आला. ऑगस्ट १९४७ मध्ये झालेल्या अकोला करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत पंजाबराव होते. एकत्र येताना वऱ्हाड–नागपूर भागाला कारभारात स्वतंत्र स्थान राहावे, असे या करारात ठरले होते.

ते संविधान सभेचे सदस्य होते. सरकारी निधीतून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणावरून आडकाठी करता येणार नाही, अशी तरतूद संविधानाच्या १५ व्या कलमात झाली. जिल्हा कौन्सिलने दोन दशकांपूर्वी एका जिल्ह्यापुरते स्वीकारलेले तत्त्व अशा रीतीने देशभर लागू झाले.

१९५२, १९५७ व १९६२ मध्ये ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात त्यांनी केंद्रात कृषी खाते सांभाळले. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना आणि १९५९–६० मध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांची प्रमुख कामे होत. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे.

त्यांनी ज्या स्थानिक संस्थांत काम सुरू केले त्यांचे स्वरूप पुढे बदलले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. अमरावती व बडनेरा या नगरपालिका एकत्र करून १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका, तर २००१ मध्ये अकोला महानगरपालिका स्थापन झाली. सार्वजनिक खर्चाने उभी राहिलेली जागा सर्वांची असते, हे तत्त्व जिल्हा कौन्सिलच्या काळात अमलात आणणारे अध्यक्ष म्हणून वऱ्हाडच्या इतिहासात पंजाबरावांचे स्थान महत्त्वाचे आहे.