गर्भाशय राखणारे शल्यविशारद डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

स्त्रीरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्या मोजक्या भारतीय डॉक्टरांची नावे शस्त्रक्रियांना दिलेली आढळतात, त्यांत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव अग्रभागी आहे. वारंवार होणारा गर्भपात रोखणारा ‘शिरोडकर टाका’ जगभर परिचित आहे. अंग बाहेर येण्याच्या व्याधीवर त्यांनी घडविलेल्या शस्त्रक्रिया मात्र वैद्यकवर्तुळाबाहेर फारशा ज्ञात नाहीत. ज्या तरुण स्त्रियांना मूल हवे आहे, त्यांचे गर्भाशय शाबूत ठेवून त्यांना या त्रासातून सोडविणे, हे त्या शस्त्रक्रियांचे वैशिष्ट्य होय.

डॉ. शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. गावाच्या नावावरूनच त्यांचे आडनाव आले. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीस झाले. पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. १९३१ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथे शल्यचिकित्सेतील एफ.आर.सी.एस. ही पात्रता मिळवून परतले. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहात मानद प्रसूतितज्ज्ञ म्हणून आणि ग्रँट महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले.

व्याधीचे स्वरूप

गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय हे अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर आणि बळकट बंधांवर तोललेले असतात. हे आधार सैल पडले की अवयव योनिमार्गात खाली सरकतात. व्याधी वाढल्यास ते बाहेरही येतात. ओटीपोटात जडपणा, कंबरदुखी, लघवी वा शौचास अडथळा, चालताना काहीतरी बाहेर आल्याची जाणीव ही त्याची लक्षणे होत. लागोपाठची बाळंतपणे, लांबलेली प्रसूती, वेळेआधीच कळा देण्याची सक्ती, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलणे, कुपोषण, जुनाट खोकला व बद्धकोष्ठ ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

पाश्चात्त्य देशांत ही व्याधी मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांची समजली जाई. भारतात मात्र विशी-तिशीतील कष्टकरी स्त्रियाही या तक्रारीसाठी रुग्णालयात येत. गर्भाशय काढून टाकणे हा वयस्क स्त्रीसाठी स्वीकारार्ह उपाय असला, तरी अपत्यहीन वा एखादेच मूल असलेल्या तरुणीला त्याची किंमत फार मोठी होती. मूल नसलेल्या स्त्रीचे सासरचे स्थान ज्या समाजात डळमळीत होई, तेथे हा प्रश्न केवळ शरीरापुरता उरत नव्हता.

शिरोडकरांची वाट

गर्भाशय राखणारी एक शस्त्रक्रिया त्या काळी प्रचलित होती. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये तिचा पाया घातला व पुढे विल्यम फॉदरगिल यांनी तीत सुधारणा केल्या. तीत गर्भाशयमुखाचा लांबलेला भाग कापून टाकला जातो आणि बाजूचे बंध आखडून पुढच्या बाजूस शिवले जातात. त्रास कमी होई; पण गर्भाशयमुखाचा भाग गेल्यामुळे काही स्त्रियांना दिवस राहणे अवघड होई, काहींचा गर्भ टिकत नसे, तर काहींना व्रणामुळे प्रसूतीत अडचण येई.

डॉ. शिरोडकर यांनी या पद्धतीत मूलभूत बदल केला. गर्भाशयमुख त्यांनी कापले नाही. गर्भाशयाला मागे त्रिकास्थीशी जोडणारे दोन बंध मुखापासून सोडवून ते समोर आणले आणि एकमेकांवरून नेऊन तेथे शिवले. त्यामुळे मुख मागे व वर खेचले जाऊन गर्भाशयाला आधार मिळे आणि गर्भधारणेसाठी आवश्यक असलेला भाग अबाधित राही. दोष गर्भाशयाचा नसून त्याला तोलून धरणाऱ्या आधाराचा आहे, म्हणून दुरुस्तीही आधाराचीच व्हावी, असे या पद्धतीमागील सूत्र सांगता येईल.

काही तरुण स्त्रियांचे हे बंध मुळातच इतके दुर्बळ असत की ते शिवून उपयोग नसे. त्यांच्यासाठी त्यांनी पोटातून करावयाची झोळीची शस्त्रक्रिया विकसित केली. तीत न विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या पट्टीने गर्भाशयमुखाची मागील बाजू त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी बांधली जाते. डाव्या बाजूस मोठे आतडे आड येत असल्याने पट्टी तेथील स्नायूतून वळवून नेली जाते. निसर्गतः बंध ज्या दिशेने जातात, जवळपास त्याच दिशेने हा नवा आधार जातो. शस्त्रक्रिया कौशल्याची असल्याने ती सर्वांनाच सोपी वाटली नाही. मुंबईतच पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रियाही प्रचारात आली. तीत पोटाच्या पुढील आवरणाच्या पट्ट्यांनी गर्भाशय उचलून धरतात.

शिरोडकर टाका

गर्भाशयमुखाविषयीचा हाच आदर त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध कार्यातही दिसतो. चौथ्या ते सहाव्या महिन्यात कळा न येताच मुख उघडून ज्यांचा गर्भ वारंवार पडतो, अशा स्त्रियांच्या मुखाभोवती टाका घालण्याची पद्धत त्यांनी १९५५ मध्ये ‘अँटिसेप्टिक’ या मद्रासच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आरंभी त्यासाठी रुग्णाच्याच मांडीतील आवरणाची पट्टी वापरली जाई. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयान मॅकडोनल्ड यांनी त्याहून सोपी पद्धत मांडली. या दोन्ही पद्धती आजही उपयोगात आहेत.

बंद पडलेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी भर घातली. त्यांच्या कार्याचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये प्रकाशित झाला. भारत सरकारने त्यांना १९७१ मध्ये पद्मविभूषण किताबाने गौरविले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे उपचार

डॉ. शिरोडकर यांच्यानंतर उपचारांत पुष्कळ भर पडली आहे. प्रारंभिक अवस्थेत व्यायामाला प्राधान्य दिले जाते. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच काही सेकंद आवळून सैल सोडायचे, हा त्याचा गाभा होय. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो शास्त्रीय रीतीने मांडला. प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून काही महिने नियमित केल्यास त्रास कमी होतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र केवळ व्यायामाने आत जात नाही.

दुसरा पर्याय योनिमार्गात बसवावयाच्या कड्याचा, म्हणजे पेसरीचा आहे. गरोदर स्त्री, शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू इच्छिणारी किंवा प्रकृतीमुळे ती सोसू न शकणारी स्त्री यांना ती उपयुक्त ठरते. ती वेळोवेळी स्वच्छ करून तपासून घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेची निवड वय, अपत्याची इच्छा व व्याधीची अवस्था पाहून केली जाते. मूल नको असलेल्या स्त्रीचे गर्भाशय योनिमार्गातून काढून उरलेल्या भागाला आधार देतात. मूल हवे असल्यास ते राखून वर बांधतात. हे काम आता दुर्बिणीतूनही होते. योनिमार्गातून बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीमुळे काही स्त्रियांना गंभीर त्रास झाल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये या व्याधीसाठी तिची विक्री थांबविली. पोटातून बसविल्या जाणाऱ्या जाळीला तो आदेश लागू नव्हता.

संकोचामुळे अनेक स्त्रिया हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. वेळीच तपासणी झाल्यास बहुतेकींना साध्या उपायांनी आराम मिळू शकतो आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच, तरी गर्भाशय गमावणे अटळ नसते. हा दुसरा दिलासा भारतीय स्त्रीला मिळवून देणाऱ्यांत डॉ. शिरोडकर यांचा वाटा मोठा आहे.