जन्मभर विद्यार्थी राहिलेले मोरोपंत

आषाढीच्या वाटेवर श्रीसोपानकाकांची पालखी सासवडहून निघून सोमेश्वर, कोऱ्हाळे करीत आमच्या वडगाव निंबाळकरवरून बारामतीस जाते. तिकडून श्रीतुकोबारायांची पालखीही उंडवडीच्या वाटेने बारामतीसच येते. दोन्ही वाटांचे वारकरी कऱ्हाकाठच्या या गावी उतरतात, भाकरी खातात, भजन करतात आणि पंढरीची वाट धरतात. याच गावात एका गृहस्थाने चाळीस वर्षांवर विद्येची वारी केली, आणि ती एक दिवसही चुकू दिली नाही असेच त्यांच्या कामाकडे पाहून म्हणावेसे वाटते. ते म्हणजे कविवर्य मोरोपंत. त्यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

पंतांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामजी पराडकर. घराणे मूळचे कोकणातले, राजापूरकडील सौंदळ गावचे. पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. गडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये असे दोन विद्वान बंधू होते. त्यांच्यापाशी पंतांचे संस्कृताचे अध्ययन झाले. काव्य, व्याकरण, अलंकार यांचा पाया तिथे पक्का बसला. पुढे १७५२ च्या सुमारास, वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच, ते बारामतीस आले. तिथले सरदार बाबूजी नाईक हे पेशव्यांचे आप्त. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा होता. त्या वाड्यात पंत पुराणिक म्हणून राहिले आणि अखेरपर्यंत बारामतीचेच झाले.

इथे वाचकांनी जरा थांबावे. पाठशाळा सुटली, गुरू पन्हाळ्यास राहिले, नोकरी लागली, प्रपंच मागे लागला. बहुतेकांची विद्या इथेच संपते. पोट भरण्यापुरते येते ना, मग आणखी कशाला, असे मन सांगू लागते आणि आपणही त्याचे ऐकतो. पंतांनी ऐकले नाही. पंतांचे खरे शिक्षण इथून पुढे सुरू झाले असे आम्हांस वाटते, आणि या शिक्षणात त्यांना समोर बसवून शिकवणारा कुणी नव्हता.

मग शिकवले कुणी? पहिला गुरू म्हणजे त्यांचे रोजचे कामच. पुराणिकाचे काम सोपे नव्हे, बरं का! पोथीतला संस्कृत श्लोक वाचायचा आणि लगेच मराठीत त्याचा अर्थ असा सांगायचा, की पुढे बसलेल्या शास्त्र्याला चूक सापडू नये आणि मागे बसलेल्या आजीबाईला जांभई येऊ नये. दोघांनाही पुरे पडायचे तर पुराणिकाने आधी स्वतः तो भाग नीट उलगडून घेतला पाहिजे. महाभारत, भागवत, रामायण, हरिवंश हे ग्रंथ पंतांनी पोटासाठी वाचले, आणि तेच पुन्हा स्वतःसाठी मराठीत उतरवले. नोकरीचे काम आणि अभ्यास यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही. एकाने दुसऱ्याला पोसले.

महाभारताची गणती परंपरेने एक लाख श्लोकांची. पंतांनी त्याचे आर्याभारत केले ते सुमारे १७ हजार आर्यांत. म्हणजे पाच-सहा श्लोकांचा आशय एका आर्येत बसवायचा. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवायला मूळ ग्रंथ हाडीमासी मुरलेला लागतो. ज्याला नीट कळले नाही तो पाल्हाळ लावतो. हा अनुभव आम्हां कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्यांना काही नवा नाही!

दुसरा गुरू पंतांनी स्वतःच निर्माण केला. तो म्हणजे मुद्दाम अंगावर घेतलेली अडचण. पंतांनी रामकथा एकदा सांगितली नाही. त्यांची रामायणे १०८ सांगतात आणि त्यांतली बरीचशी आज छापलेली मिळतात. प्रत्येकाचा बेत निराळा. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. त्यात प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे घ्यायचीच नाहीत असा नेम. आता पाहा, 'म' वर्ज्य केला की 'राम' हे नावच घेता येत नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुतीही गेला. तरी कथा रामाचीच सांगायची. वाचकांनी घरी बसून अशी दोन वाक्ये जुळवून पाहावीत, म्हणजे या खटाटोपाचे मोल कळेल. तालमीतला पैलवान रोज जरा जड गदा घेतो, तसाच हा प्रकार. जे सहज जमते तेच करीत राहिले तर हात आहे तिथेच राहतो.

कुणी म्हणेल, अहो, ही नुसती शब्दांची कसरत झाली, यात भक्ती कुठे आहे? हा आक्षेप जुना आहे. यमकांचा सोस आणि समासांची गर्दी यांबद्दल पंतांना पुष्कळांनी बोल लावले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि पंतांच्या कवितेवर लिहून त्यांची बाजू सांगितली. आमचेही मत असे की पंतांच्या काही रचना अवघड आहेत, आणि साध्या भाविकाला त्या पचत नाहीत, हे कबूलच केले पाहिजे. पण त्याच पंतांनी सीतागीत, सावित्रीगीत अशी बायाबापड्यांना म्हणता येतील अशी सोपी गीतेही रचली. सन्मणिमालेत संतांना हात जोडले. विद्वानांच्या पंगतीतून उठून माजघरातल्या भाषेत बोलणे, हेसुद्धा शिकावेच लागते.

आणि शेवटी केकावली. मोर म्हणजे मयूर, आणि मोराचे ओरडणे ती केका. पृथ्वी वृत्तातल्या या श्लोकांत पंत देवापुढे उभे राहून आर्त हाका मारतात. जन्मभर मिळवलेली सारी विद्या तिथे आहे, पण ती मिरवायला नाही, आळवायला आली आहे. विद्येने अहंकार वाढतो अशी भीती आपल्या मंडळींना वाटते आणि ती अगदीच खोटी नाही. पण पंतांच्या बाबतीत जितके कळत गेले तितके मागणे नम्र होत गेले असे दिसते. पुढे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी १८६५ साली केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीका प्रसिद्ध केली. शिकणाऱ्याच्या मागे असे शिकणारे उभे राहतात. सोलापूरचे शाहीर रामजोशी यांनीही पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव नेल्या. हरिदासांच्या मुखी आर्या रुळली ती अशी.

१७९४ सालच्या चैत्री पौर्णिमेस पंतांनी बारामतीस देह ठेवला. वय पासष्टीच्या घरात होते. त्यांची कविता साठ हजारांच्या पुढे मोजतात. बारामतीतली बेचाळीस वर्षे म्हणजे पंधरा हजारांवर दिवस. हिशेब केला तर रोजच्या जेमतेम चार आर्या पडतात. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण रोजचे माप पाहिले तर ते आपल्याही आवाक्यातले वाटते. दडपण आणते ते 'रोज' या शब्दाचे. चार आर्या एक दिवस कुणीही करील. पंधरा हजार दिवस करणारा एखादाच.

आता आमचे सांगणे एवढेच. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत. पुष्कळ माळकरी पारायणे करतात, पाठही म्हणतात, पण अर्थ विचारला की दुसऱ्याकडे पाहतात. रोज चार ओव्या अर्थासह समजून घेतल्या तर सव्वासहा वर्षांत ग्रंथ पुरा होतो. अडलेला शब्द वहीत टिपून ठेवावा आणि फडावरच्या जाणत्याला विचारावा. मृदंग वाजवणाऱ्याने एक नवा बोल बसवावा. शेतकऱ्याने, मास्तराने, सुताराने आपल्या धंद्यातले जे अजून येत नाही त्यातले एक रोज हाती घ्यावे. वय झाले ही सबब पंतांनी सांगितली नाही, आपणही सांगू नये.

पुढल्या वारीत बारामतीचा मुक्काम येईल तेव्हा घटकाभर कऱ्हेकाठी नाईकांच्या वाड्याकडे जाऊन यावे, आणि त्या रात्री निजण्यापूर्वी चार ओव्या अर्थासह वाचाव्यात. रामकृष्णहरि.