लुईस हाइन: खिशातल्या वहीत मेटाडेटा ठेवणारा फोटोग्राफर

मोबाईलने फोटो काढला की तारीख, वेळ, लोकेशन आपोआप सेव्ह होतं. यालाच मेटाडेटा म्हणतात. मागे एका प्रोजेक्टमध्ये फाइलची साइज कमी करायला मी तो सगळा उडवला, आणि नंतर कुठला फोटो कुठला हेच कळेना! तेव्हापासून लुईस हाइन मला फार जवळचा वाटतो.

हाइनचा जन्म १८७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाला. वडील लवकर गेले, त्यामुळे तरुणपणीच कारखान्यात राबावं लागलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिक्षक असताना त्याने शाळेसाठी कॅमेरा हाती घेतला. १९०८ मध्ये नोकरी सोडून तो बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी पूर्णवेळ फोटो काढू लागला.

तेव्हाचा सेटअप बघा: जड कॅमेरा, काचेच्या प्लेट्स आणि अंधारात उजेडासाठी मॅग्नेशियमची पावडर पेटवायची. त्यात मालक आत घेणार कसे? म्हणून हा कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा बनून गिरणीत शिरायचा.

पण खरी कमाल पुढे आहे. फोटो खोटा आहे असं कोणी म्हणू नये, म्हणून तो मुलांचं नाव, वय, काम, तारीख, ठिकाण टिपून घ्यायचा. वही खिशात असायची आणि लिहिणं खिशातच, लपून चालायचं. कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंच हे त्याला पाठ होतं. मूल शेजारी उभं राहिलं की उंची कळली!

या पुराव्यांनी लोकमत तापलं. १९१६ मध्ये केंद्रीय कायदा झाला, पण १९१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

हाइनने १९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणारे कामगारही टिपले. पण नंतर कामं मिळेनाशी झाली, राहतं घर गेलं आणि १९४० मध्ये तो गरिबीतच वारला.

आज त्याचे पाच हजारांहून जास्त फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, नोंदींसकट. त्या नोंदींवरूनच कित्येक मुलांच्या नातवंडांचा शोध लागला. नुसत्या फोटोवरून ते जमलं नसतं. म्हणून सांगतो, बॅकअप घेताना मेटाडेटा उडवू नका.