पेल्तिए : विषारी कंदातलं औषध वेगळं काढणारा माणूस

पावसाळ्यात तिवशाकडे कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढते. तिचा कंद विषारी, हे वऱ्हाडात बहुतेकांना ठाऊक असतं. त्या कंदातलं मुख्य विष म्हणजे कोल्चिसिन. ते पहिल्यांदा माणसाच्या हाती लागलं पॅरिसमध्ये, दुसऱ्याच एका रानफुलाच्या कंदातून. ते काढणाऱ्या दोघांपैकी एक होता प्येर-जोसेफ पेल्तिए.

पेल्तिएचा जन्म १७८८ सालचा. वडील पॅरिसमधले नावाजलेले औषधनिर्माते. ते १७९७ मध्ये वारले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे १८१० मध्ये तोही औषधनिर्माता झाला.

त्या काळी साली, मुळ्या, कंद यांचा काढा किंवा अर्क देत. अडचण होती मात्रेची. एकाच झाडाचे दोन कंद सारखे तीव्र नसतात. युरोपच्या कुरणांत शरदात फुलणाऱ्या कोल्चिकमचा अर्क गाउटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वातरक्तावर, गुणकारी होता. पण मात्रा जरा जास्त झाली की रोगी दगावे.

पेल्तिए आणि त्याचा तरुण सहकारी काव्हांतू यांनी झाडातलं गुणकारी द्रव्यच वेगळं काढायला घेतलं. अल्कोहोल किंवा आम्लाच्या पाण्यात अर्क काढायचा, मॅग्नेशियासारखा अल्कधर्मी पदार्थ घालून द्रव्य खाली बसवायचं, मग ते शुद्ध करायचं. अशा द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. १८१८ मध्ये स्ट्रिकनिन निघालं. १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचं क्विनाइन मिळालं, आणि त्याच वर्षी कोल्चिकमचं द्रव्यही. मात्र ते त्यांना आधीच सापडलेलं वेरॅट्रिन वाटलं. ते वेगळं आहे हे जर्मन रसायनतज्ज्ञ गायगरने १८३३ मध्ये दाखवलं आणि कोल्चिसिन हे नाव दिलं.

क्विनाइनचं पेटंट या दोघांनी घेतलं नाही, कृती छापून सगळ्यांना खुली केली. १८२७ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना १०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. पेल्तिए १८४२ मध्ये वारला.

कळलावीतही कोल्चिसिन आहे, हे इंग्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी १९१५ मध्ये दाखवलं. आज गाउटवर कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मिळते. इतकी बारीक मात्रा मोजता येते, कारण द्रव्य वेगळं निघालं. कुंपणावरच्या कंदात ते किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. या विषावर खात्रीचा उतारा अजून नाही. म्हणून कंद घरगुती औषध म्हणून वापरू नये, आणि कुणाच्या पोटात गेलाच तर तडक दवाखाना गाठावा.