विद्यार्थिनी होऊन शिक्षिका झालेल्या सावित्रीबाई

ज्युबिलीच्या अंकात संतांची व धर्मगुरूंची चरित्रे यावीत, हा रिवाज योग्यच आहे. तथापि जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील ज्या घरी पहिलीतले मूल पाटी घेऊन बसते, त्या घरच्या आईबापांसाठी, आणि त्या मुलाला अक्षर शिकविणाऱ्या गुरुजींसाठी व बाईंसाठी, येथे एका निराळ्या स्त्रीचे चरित्र सादर करीत आहे. ती आपल्या धर्माची नव्हती. परंतु तिचे पाय आपल्या या भूमीला लागले आहेत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याचे जोतीराव गोविंदराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे पतीनेच त्यांना लिहावयास व वाचावयास शिकविले.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. या दोन गोष्टींच्या मध्ये, म्हणजे स्वतः वाचू लागणे आणि दुसऱ्याला वाचावयास शिकविणे यांच्या मध्ये, जे घडले त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जोतीरावांनी पत्नीला थेट वर्गात उभे केले नाही. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत असत. १८२७ साली त्या मुंबईस आल्या होत्या व १८६२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हेच कार्य केले. त्यांच्याकडे, तसेच पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या दोन्ही बाई प्रोटेस्टंट पंथाच्या. उपकार कोणाचा हे सांगताना पंथ पाहू नये, असे मला वाटते.

अशा शिक्षणाची गरज काय होती, हे समजण्यास जुनी पंतोजींची शाळा डोळ्यांपुढे आणावी. धुळपाटीवर मुलाने बोट फिरवावे, पाढे व उजळणी घोकावी, चुकल्यास छडी खावी. पंतोजींना मोडी वाचता येई, हिशेब येई. पण मूल कोठे अडते व का अडते, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. बाराखडी काय, कोणीही शिकवील, ही समजूत आजही गेलेली नाही. माझ्या मते ती समजूत अगदी उलटी आहे. वरच्या वर्गातील मुलगा वाईट शिक्षकाच्या हाती पडला तरी पुस्तकातून सावरतो, पण ज्याला पुस्तकच उघडता येत नाही त्याने काय करावे? आपल्या पवित्र सभेत ही गोष्ट संत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी फार पूर्वी ओळखली. फ्रान्सातील रॅन्स शहरी १६८५ साली त्यांनी शिक्षकांनाच शिकविणारी संस्था काढली व मुलांना लॅटिनऐवजी मातृभाषेत प्रथम वाचावयास लावले. सावित्रीबाईंनी त्यांचे नावही ऐकले नसेल; वाट मात्र तीच.

१८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली. शाळेच्या वाटेवर लोक बाईंच्या अंगावर शेण व चिखल टाकीत. म्हणून त्या जवळ एक जादा लुगडे बाळगीत, असे सांगतात. १८५१ व १८५२ साली आणखी शाळा निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही निघाल्या. या शिकवण्याला फळ काय आले? मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने, अवघे तीन वर्षे शिकून, आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. गिरविणे व घोकणे एवढ्यावर कोणी असा निबंध लिहू शकत नाही. त्या मुलीला शाळेत नुसते अक्षर मिळाले नव्हते. आपले म्हणणे मांडण्याचे बळ मिळाले होते.

आता आपल्या भागाकडे वळू. नाणेघाटातील व जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत. तरी त्यांच्या पायथ्याशी गुरे वळणाऱ्याला स्वतःच्या कर्जाचा कागद वाचता येत नसे. १८७६ व १८७७ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा सत्यशोधक समाजाच्या कामासाठी सावित्रीबाई या बाजूस आल्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूर येथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात गाव सोडून जाणारी माणसे आहेत, मरणारी गुरे आहेत, सावकारांचा जाच आहे, कलेक्टरांशी झालेली बोलणी आहेत. विवाहाच्या वेळी जिला अक्षर ठाऊक नव्हते, तिने एका तालुक्याची विपत्ती अशी नोंदवून ठेवावी, याचा विचार ओतूरच्या आजच्या शाळकरी मुलांनी जरूर करावा.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न पुष्कळ जागा घेतो. खेड्यांतील बहुतेक शिक्षक शिक्षण न घेतलेले असून त्यांचा पगार दहा रुपयांपलीकडे क्वचितच जातो, अशी त्यांची तक्रार होती. शिक्षक शिक्षण घेतलेले असावेत, त्यांना निदान बारा रुपये मिळावेत, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. तपासणी वर्षातून एकदा न होता दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधिकाऱ्यांनी मध्येच न कळवताही यावे, असे त्यांनी सुचविले. या मागण्यांमागे सावित्रीबाईंच्या वर्गातील अनेक वर्षांचा अनुभव असला पाहिजे.

जोतीराव १८९० साली गेले. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला तेव्हा बाईंचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच बाईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथे पोचविले. मुलगा वाचला. बाईंना मात्र त्याच रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.