कापडावरचं रबर आणि थॉमस ग्रॅहम

थॉमस ग्रॅहम १८०५ साली ग्लासगोत जन्मला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय; मुलाने धर्मगुरू व्हावं ही त्यांची इच्छा. हा मात्र केमिस्ट्रीलाच चिकटला, घरच्यांची नाराजी पत्करून. पुढे लंडनला प्रोफेसर, १८५५ पासून ब्रिटिश टांकसाळीचा प्रमुख.

१८६१ मध्ये त्याने पार्चमेंट कागदातून लघवीतला युरिया वेगळा केला. छोटे रेणू पार, मोठे अलीकडेच. याला डायलिसिस हे नाव त्यानेच दिलं (हो, हॉस्पिटलातलं तेच).

पण खरी गंमत १८६६ ची. रेशमी कापडावर रबराचा पातळ थर चढवायचा आणि पलीकडून हवा खेचायची. रबरातून आलेल्या हवेत ऑक्सिजन २१ वरून ४० टक्क्यांच्या आसपास गेला! रबराला भोकं नव्हतीच. वायू रबरात विरघळतो, आतून सरकतो, पलीकडे निघतो, हे ग्रॅहमने ओळखलं. निवड रबराची, ताकद कापडाची.

आज डाईंग कारखान्यांचं सांडपाणी गाळणाऱ्या आरओच्या कंपोझिट मेम्ब्रेनची बांधणी अशीच असते. खाली पॉलिएस्टरचं कापड, मध्ये सच्छिद्र पॉलिसल्फोन, वर केसापेक्षा शेकडो पट पातळ पॉलिअमाइड. मीठ आणि रंग त्या वरच्या थरावर अडतात.

ग्रॅहम १८६९ मध्ये गेला. पॉलिअमाइडचं हे मेम्ब्रेन आलं ते थेट १९७० च्या दशकात.