राजर्षी शाहू महाराज आणि कोल्हापूरचे पाणी

राजर्षी शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, मृत्यू : ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानचे छत्रपती होते. मागासवर्गीयांसाठी राखीव जागा, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि विद्यार्थी वसतिगृहे यांमुळे ते सर्वपरिचित आहेत. संस्थानातील पाण्याची साधने राखणे, वाढवणे आणि सर्वांना खुली करणे हे त्यांच्या कारकिर्दीतील तितकेच मोलाचे कार्य होय. शालेय पुस्तकांत मात्र ते बहुधा राधानगरी धरणाच्या एका ओळीत आटोपते.

बालपण आणि राज्यारोहण

त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे वडील व राधाबाई या आई. चौथ्या शिवाजी महाराजांच्या निधनानंतर राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले. राजकोटचे राजकुमार कॉलेज व त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

वारशाने मिळालेली पाणीव्यवस्था

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे शहर. रंकाळा, कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ अशी अनेक तळी शहरात व भोवताली होती. त्यांपैकी वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, तर कपिलतीर्थाच्या जागी भाजीबाजार भरतो. पिण्याचे पाणी शहराच्या दक्षिणेकडील कात्यायनीच्या झऱ्यांतून आणण्याची सोय जुनी होती. शाहू महाराजांच्या राज्यारोहणापूर्वी कळंबा तलाव बांधून पूर्ण झाला आणि त्याचे पाणी केवळ उताराने शहरात येऊ लागले. मंगळवार पेठेतील ज्या ठिकाणी ते साठवले जाई, त्याला लोक आजही पाण्याचा खजिना म्हणतात. याहून समर्पक नाव सुचणे कठीण.

अशा व्यवस्थेला यंत्र लागत नाही, इंधन लागत नाही. देखरेख मात्र सतत लागते. तलावात गाळ साचला की साठा घटतो, मातीच्या बांधावर झाडे रुजली की मुळांच्या वाटेने पाणी झिरपू लागते आणि नळाला गळती लागली की शेवटच्या पेठेपर्यंत पाणी पोहोचत नाही. कळंब्याचे पाणलोट क्षेत्र लहान असल्याने पाऊस ओढला की तलाव उघडा पडे, ही त्याची जन्मजात मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराची वस्ती पन्नास हजारांच्या वर गेली होती.

दुष्काळ आणि प्लेग

सत्ता हाती येऊन दोनच वर्षे झाली असता १८९६-९७ चा दुष्काळ कोसळला. महाराजांनी स्वतः गावोगाव फिरून पाहणी केली. स्वस्त धान्याची दुकाने, तगाई, जनावरांसाठी चाऱ्याच्या छावण्या आणि रस्ते व विहिरींची कामे असे उपाय त्यांनी योजले. कामावर येणाऱ्या मातांच्या लेकरांसाठी शिशुगृहेही उघडण्यात आली. पाठोपाठ प्लेग आला. लोकांना वस्तीबाहेर हलवावे लागले आणि शहराच्या स्वच्छतेचा प्रश्न ऐरणीवर आला. संकट दाराशी आल्यावर उघडलेली कामे माणसे जगवतात, पण पाणी निर्माण करीत नाहीत, हा या वर्षांचा अनुभव पुढील धोरणाच्या मुळाशी दिसतो.

१९०२ चे पाटबंधारे धोरण

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले. राखीव जागांचा प्रसिद्ध आदेश त्याच वर्षी २६ जुलै रोजी निघाला. संस्थानचे पाटबंधारे धोरणही त्याच वर्षीचे. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमून संस्थानातील विहिरी व तलावांची पाहणी करण्यात आली. नवे बांधण्यापूर्वी जुने किती आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि दुरुस्तीने किती उपयोगी पडेल याचा हिशेब मांडण्याची ही रीत होती. धरणाच्या भव्यतेपुढे हे काम झाकोळले गेले, पण दूरदृष्टी पाहायची तर ती येथे अधिक दिसते.

राधानगरी

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेकडे शिरोळ भागात कोरडी जमीन, असे या प्रदेशाचे रूप आहे. आषाढात पंचगंगेला महापूर येई आणि चैत्रात तिचा प्रवाह क्षीण होई. पावसाळ्याचे पाणी डोंगरातच अडवून उन्हाळ्यात नदीत सोडणे हा त्यावरचा उपाय होता. दाजीपूरच्या जंगलातील शिकारीमुळे हा मुलूख महाराजांच्या पायाखालचा होता. फेजिवडे गावाजवळ भोगावती नदीवर धरणाची जागा ठरली. नव्या वसाहतीला कन्या राधाबाई यांच्यावरून राधानगरी, तर जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले.

एका संस्थानच्या तिजोरीला हे काम पेलणारे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा व सामग्री दोन्हींची टंचाई झाली आणि १९१८ च्या सुमारास भिंत ४० फुटांच्या आसपास आली असता काम थांबले. महाराजांना पूर्ण धरण पाहता आले नाही. ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पुरे झाले. त्याची साठवण क्षमता ८.३६ टीएमसी असून पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे प्रसिद्ध आहेत.

पाणी कोणाचे

साठा वाढवून प्रश्न संपत नव्हता, कारण पाणवठ्यावर जात उभी होती. राजवाड्याच्या सेवेतील गंगाराम कांबळे यांना वरिष्ठ जातींसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. तेथे थांबून ते स्वतः चहा घेत व बरोबरच्या सरदारांनाही घ्यायला लावीत. हौदाला हात लावला म्हणून ज्याने मार खाल्ला, त्याच्या हातचे पाणी छत्रपती उघड्या रस्त्यावर पीत होते. १९१९ मध्ये त्यांनी आदेश काढून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले केले.

पुढील काळ

राधानगरीतून सोडलेले पाणी भोगावतीवाटे बालिंगा उपसा केंद्राशी येते व तेथून शहराला मिळते. नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरताच बरगे घालतात आणि पुढच्या पावसाआधी ते काढतात. हे काम चुकले तर एकतर पाणी वाहून जाते किंवा पूर अडतो. कसबा बावड्याच्या बंधाऱ्याला महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांचे नाव आहे. २९ डिसेंबर २०२१ रोजी राधानगरी धरणावर दुरुस्तीचे काम चालू असताना एक दरवाजा उघडाच अडकला आणि भर हिवाळ्यात भोगावतीला पूर आल्यासारखी स्थिती झाली. २०२३ पासून दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणीही थेट नळाने शहरात येऊ लागले आहे.